अंबुजाक्कांचा कान

मी मूळची साताऱ्याची. मला हळू बोलता येत नाही. माहेरी नाही, सासरी नाही, देवळातसुद्धा नाही. आमचे हे बँकेच्या बदलीवर मद्रासला आले, तेव्हा त्याला चेन्नई कुणी म्हणत नसे, आणि आम्ही अण्णा नगरात बिऱ्हाड केलं. थोड्याच दिवसांत आजूबाजूच्या बायकांनी माझ्या आवाजाचा धसका घेतला. तमिळ येत नव्हतं, म्हणून भाजीवालीशी मराठीतच भांडायचे, आणि जिंकायचेही. अशा बाईवर त्या अख्ख्या इमारतीत एकाच माणसाचा जीव जडला, वरच्या मजल्यावरच्या अंबुजाक्कांचा. मी जिन्यात बोलायला लागले की त्या हसत दार उघडायच्या. म्हणायच्या, "ताई, तुमचं बोलणं कानास गोड लागतं हो." मी आपली फुशारून जायचे. त्यामागचं खरं कारण कळलं तेव्हा मी मटकन खालीच बसले. पण ते पुढं येईल.

अंबुजाक्का आणि त्यांचे यजमान नागोजीराव, दोघं तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेली माणसं. ती "विचारलं" म्हणत नाहीत, "पुसलं" म्हणतात, मध्येच "बरं"च्या जागी "सरि" नाहीतर "अय्यो" येतं, आणि सगळ्याला तमिळचा हेल. पहिल्या भेटीत मला हसू आवरेना. नागोजीराव शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचं मराठी नवं, आमचं जुनं. हसायचंच तर आम्ही हसावं." माझं तोंड असं बंद करणारा तो पहिला माणूस.

नागोजीराव एका विमा कंपनीत कारकून. पण तो पोटापाण्याचा भाग झाला. खरा माणूस संध्याकाळी घरी आल्यावर दिसायचा. बनियन, पंचा, हातात तापलेलं सोल्डरिंगचं लोखंड, आणि खोलीभर राळेचा वास. ते छोटे ॲम्प्लिफायर बनवत. केवढे? तर आपला डोशाच्या पिठाचा डबा असतो, तेवढे. रिची स्ट्रीटवर हिंडून एकेक भाग गोळा करायचे, पत्र्याच्या पेटीत बसवायचे, आणि आवाज असा सुरेख की पाहुण्याला खरं वाटू नये. ओळखीपाळखीची कितीतरी घरं त्यांच्या पेट्यांवर गाणी ऐकत. पण एकही पेटी अंबुजाक्कांनी पास केल्याशिवाय घराबाहेर जात नसे.

कारण कान अंबुजाक्कांचा! त्यांचे वडील तंजावरात कीर्तनं करत. मराठी कीर्तन, साथीला मृदंग, झांजा, तंबोरा. घरात सदा तालीम चालायची. ही मुलगी स्वयंपाकघरात भात शिजवता शिजवता ओरडायची, "अप्पा, तिसरी तार उतरली." आणि तार खरंच उतरलेली असायची. नागोजीराव तिला बघायला गेले तेव्हा त्यांनी तेच ऐकलं आणि तिथंच होकार दिला. हे ते मला शंभरदा सांगायचे. "रंग बघितला नाही, दागिना बघितला नाही. कान ऐकून लग्न केलं." अंबुजाक्का मान खाली घालून कापी, म्हणजे आपली कॉफी, ओतत बसायच्या.

लग्न झाल्यावर सुरुवातीला दोघं डिसेंबरातल्या कचेऱ्यांना, म्हणजे गाण्याच्या मैफलींना, जोडीनं जात. पुढं अक्कांनी जाणं सोडलं. गर्दी सोसत नाही, बसमध्ये जीव घाबरतो, म्हणू लागल्या. नागोजीरावांनी मनाला लावून घेतलं. एवढा कान, आणि त्याला गाणं नाही! तेव्हा त्यांनी एकच ध्यास घेतला: गाण्याच्या सभेत पहिल्या रांगेत बसून ऐकावं तसं गाणं हिला घरी ऐकू यायला हवं. हिनं एकदा म्हणायला हवं, "पुढ्यात बसल्यासारखं." बस्स, एवढे दोन शब्द. त्या शब्दांसाठी त्या माणसानं हयात घातली.

आणि अक्का काय म्हणायच्या? प्रत्येक पेटी ऐकून, मान डोलवून, "छान हाय. पण थोडं राहिलं." की हे पुन्हा पेटी उघडून बसायचे! मी चिडायचे. "अहो अक्का, आता काय तुमच्या कानात गायकाला आणून बसवायचं?" त्या नुसत्या हसायच्या.

ऐकायची त्यांची रीत मात्र अजब होती. स्पीकर एका भिंतीला, आणि ही बाई खुर्ची फिरवून नवऱ्याकडे तोंड करून बसायची. नागोजीराव मांडीवर ताल धरायचे, तिकडची रीतच ती. टाळी, मग करंगळीपासून बोटं, मग पुन्हा टाळी. अक्काही तसाच ताल धरायच्या, दोघांचे हात एकदम पडायचे, एक मात्रा इकडची तिकडं नाही. आम्ही बघत राहायचो. कधी नागोजीरावांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली की अक्का म्हणायच्या, "वरचा सूर टोचतो." ते चकित व्हायचे. "अगदी हेच, अगदी हेच मलाही वाटलं!" मी एकदा थट्टा केली, "अक्का, संसाराला एवढी वर्षं झाली, तरी नवऱ्याचं तोंड बघून पोट भरत नाही का?" त्या लाजल्या. मला काय ठाऊक मी कुठं बोट ठेवत होते ते!

मग सीडी आल्या. नव्वदच्या पुढची गोष्ट. नागोजीरावांचा पुतण्या दत्ताजी सिंगापूरला नोकरी करायचा. त्यानं काकांसाठी सीडी वाजवायचं यंत्र आणलं, आणि पुढच्या खेपेला आणखी एक काळा डबा आणला. मी म्हटलं, आता हा कशाला? नागोजीरावांनी मला समजेल असं सांगितलं. सीडीवर गाणं नसतंच मुळी, नुसते आकडे असतात. ते आकडे वाचून त्यांचं पुन्हा गाणं करावं लागतं. वाजवायच्या यंत्रात ते काम होतं, पण घाईघाईनं होतं. हा वेगळा डबा तेवढं एकच काम करतो आणि नीट करतो. त्यांनी त्याचं नाव ठेवलं दुभाषी.

पण दुभाष्याचं आणि त्यांच्या छोट्या ॲम्प्लिफायरचं काही केल्या जमेना. दुभाषी पडला खणखणीत बोलणारा. ॲम्प्लिफायर बिचारा जुन्या टेपच्या हळू आवाजाला सरावलेला. एवढा जोर त्याला झेपेना, आवाज फाटायचा. "पोरुत्तम नाही जमत," नागोजीराव म्हणायचे. पोरुत्तम म्हणजे लग्नासाठी पत्रिका जुळवणं. "मुलगा चांगला, मुलगी चांगली, पण एक ओरडतो आणि दुसरीस सोसत नाही." मी म्हटलं, "आमच्या घरचं सांगताय काय?" तेव्हा दोघं खळखळून हसले. म्हणजे आधी नागोजीराव हसले, आणि मग अक्का.

त्या डिसेंबरात शेवटी जोडी जमली. त्यांनी ॲम्प्लिफायरचं तोंडच बदललं, येणारा जोर आधी आवरून मग आत घेईल असं केलं. मी खालून ऐकलं आणि पोळी तव्यावर तशीच राहिली. गाणारी बाई साक्षात माझ्या स्वयंपाकघरात येऊन गातेय असं वाटलं. नागोजीराव धावत खाली आले. डोळे लकाकत होते. "ताई, संध्याकाळी वरी या. आज अंबुजा ऐकणार. ही शेवटची पेटी. आजही तिनं 'थोडं राहिलं' म्हटलं, तर मजला येत नाही असं समजून मी लोखंड खाली ठेवणार."

हे त्यांनी अक्कांनाही सांगितलं होतं. तोंडासमोर उभं राहून सांगितलं होतं. हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी आम्ही मोजकीच माणसं. मी, दत्ताजी, आणि शेजारचे रामस्वामी. रामस्वामी गाण्याच्या एका लहानशा सभेचे सेक्रेटरी. गाण्यातले मोठे दर्दी, आणि अक्कांच्या कानाला मानणारे. अक्का नेसल्या होत्या हिरवं कांचीपुरम, डोक्यात मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा. घरात नवं यंत्र आलं की त्याला हळदकुंकू लावून फूल वाहिल्याशिवाय वापरायचं नाही, अशी त्यांची पद्धत. त्यांनी दुभाष्याला कुंकू लावलं, ॲम्प्लिफायरला लावलं, आणि मल्लिगेची एक लांब माळ दोन्ही डब्यांना मिळून गुंडाळली, नवरानवरीला घालतात तशी. माळ मागून पुढं ओढून नीट केली. आम्ही कौतुकानं बघत होतो.

नागोजीरावांनी बटण दाबलं. दोन्ही डब्यांचे दिवे लागले. सीडी फिरायला लागली. ती सीडी त्यांना तोंडपाठ होती, म्हणून सूर यायच्या आधीच त्यांचा हात उठला आणि मांडीवर ताल पडला. समोर अक्कांचा हात पडला. टाळी, करंगळी, अनामिका.

आवाज आला नाही.

माळ ओढताना मागची वायर निसटली होती. दुभाष्याकडून ॲम्प्लिफायरकडे जाणारी. नागोजीरावांचा हात सवयीनं आणखी थोडा चालला आणि हवेत थांबला. कपाळाला आठी पडली. ते उठायला लागले.

पण अक्कांनी डोळे मिटले होते.

त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी डोळे मिटले होते. त्यांचा हात चालूच होता. टाळी, बोटं, टाळी, पालथा हात. खोलीत पंख्याची घरघर, खाली रस्त्यावर रिक्षाचा पों पों, आणि ह्या बाईचा हात संथपणे ताल धरतोय. मान डोलतेय. मला आधी वाटलं, गंमत करतायत. मग मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"वा," त्या म्हणाल्या. "अगदी पुढ्यात बसल्यासारखं."

देवा रे! मी आयुष्यात बऱ्यावाईट गोष्टी ऐकल्या, पण ह्या दोन शब्दांनी जसं माझं काळीज फाटलं तसं कशानं फाटलं नाही. दत्ताजी वेडाखुळा, त्याच्या तोंडून निघून गेलं, "काकी, वायर..." रामस्वामी जमिनीकडे बघत राहिले.

नागोजीराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. तसेच, पाठमोरे, नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अंबुजा, पाणी दे."

अक्का ताल धरत होत्या.

"अंबुजा. पाणी."

अक्का हसल्या, आपल्याशीच.

माझ्यानं राहवेना. मी ओरडले, "अक्का!" माझ्या हाकेला त्यांनी चटकन डोळे उघडले आणि माझ्याकडे वळून बघितलं. तेव्हा, तिथल्या तिथं, मला कळलं की ह्या बाईला इमारतीत माझंच बोलणं का गोड लागतं. मी मटकन तिथंच बसले. अक्कांनी माझा चेहरा बघितला, दत्ताजीचा बघितला, लोंबणारी वायर बघितली, आणि नवऱ्याची पाठ बघितली. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. त्या उठल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

रामस्वामी चप्पल घालताना पुटपुटले, "येतो." कापी तशीच राहिली.

पुढं काय झालं असेल? रडारड? भांडण? काही नाही. नागोजीरावांनी बोलणंच टाकलं. ताट वाढलं की जेवायचे, ऑफिसला जायचे, यायचे, आणि त्या माळेसकट तसेच पडलेल्या डब्यांकडे बघत बसायचे. फुलं सुकून काळी पडली.

गच्चीवर अक्का वडाम, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या कुरडया, वाळत घालत होत्या, तिथं मी त्यांना गाठलं. घसा ताणून विचारलं, "अहो, सांगितलं का नाही? माणूस आहात की कोण?"

त्या वडाम घालत राहिल्या. मग सांगू लागल्या. आधी म्हणे दूध उतू जायचा आवाज गेला. मग डास गेले. मग एकदा कचेरीत बसल्या होत्या, तर गाणारीच्या मागं तंबोरा दिसत होता आणि ऐकूच येत नव्हता. घरी येऊन पदरात तोंड खुपसून रडल्या. तेव्हापासून कचेरी सोडली.

"पण नवऱ्याला तरी..."

"काय सांगू?" त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, मी ह्या घरात कान म्हणून आले. मजजवळ रंग नव्हता, शिक्षण नव्हतं, पोरबाळही जाहलं नाही. कान होता. तोच गेला म्हणून सांगू? मग उरतं काय?"

मी पदरानं डोळे पुसले. मी, साताऱ्याच्या बाईनं!

"मग पेट्या पास कशा केल्यात इतकी वर्षं?"

"त्यांच्या तोंडाकडं बघून. त्यांस अवघं कळतं, ताई. कुठं टोचतं, कुठं कमी पडतं. त्यांचा स्वतःवर भरवसा नाही. मी त्यांच्या कपाळावरचं वाचून बोलत होते."

मी कपाळाला हात लावला. म्हणजे इतकी घरं ज्या कानावर विसंबली तो नागोजीरावांचाच कान! आणि दुभाषी तो सिंगापूरचा डबा नव्हे, ही बाई!

"आणि ते 'थोडं राहिलं'?"

अक्कांनी वडामचं पीठ बोटांवरून निरपलं. "छान म्हटलं असतं तर थांबले असते ना. मग संध्याकाळी माझ्यासमोर खुर्ची घेऊन कोण बसणार होतं? त्या दिवशी म्हणाले, लोखंड खाली ठेवतो, मला येत नाही. ते मजला सोसलं नाही. म्हटलं, आता देऊन टाकावं त्यांचं त्यांस."

मी तशीच तरातरा खाली आले आणि नागोजीरावांच्या पुढ्यात उभी राहिले. काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण खालच्या मजल्यावर आमच्या ह्यांना शब्दन्‌शब्द ऐकू गेला म्हणतात. "फुरंगटून बसलाय होय? बोलणं टाकलंय? अहो, तुमचं न बोलणं तिला ऐकू तरी येतंय का? शिक्षा कुणाला करताय? जगाला ॲम्प्लिफायर करून दिलेत, घरात एका माणसाला लागत होता तेवढा राहिला!"

त्यांनी एकदम दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मोठा माणूस, पांढरे केस, हमसून हमसून रडला. "मी कान ऐकून लग्न केलं, असं उठता बसता सांगत होतो, ताई," म्हणाले. "तिच्यासमोर. सगळ्यांसमोर."

मी तांब्यातलं पाणी त्यांच्या हातात दिलं.

डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. कान अगदीच गेलेले नव्हते. ऐकायचं यंत्र मिळालं. काड्यापेटीहून थोडी मोठी पेटी, तिला एक छोटं चाक, आणि कानात घालायला वायर. नागोजीरावांनी आधी ते आपल्या कानात घालून बघितलं आणि दचकले. "हा काय आवाज? पत्रा घासल्यासारखा. हे अंबुजास द्यायचं?" त्यांचं मनच होईना. पण स्वतःच्या पेट्यांचा तोरा गिळून त्यांनी ते यंत्र पुसलं, आणि मला वर बोलावलं. का, तर मी खाली राहिले आणि बोलले, तर यंत्र चालतंय की ती माझाच आवाज ऐकतेय, हे कळायचं कसं? मला बजावलं, "ताई, तुम्ही अवाक्षर बोलायचं नाही." मी पदर तोंडात धरून दाराशी उभी राहिले.

अक्का खुर्चीत बसल्या. यंत्राला कुंकू लावलं होतं. नागोजीरावांनी पेटी त्यांच्या पदराला अडकवली, वायर कानात घातली, आणि खुर्चीच्या मागं जाऊन उभे राहिले, तोंड दिसू नये म्हणून. तिथून वाकून हळूहळू चाक फिरवलं.

"अंबुजा," ते म्हणाले. "ऐकू येतं?"

अक्का ताडकन ताठ झाल्या. तोंडावर हात गेला. मागं वळल्या आणि डोळे विस्फारून नवऱ्याकडे बघत राहिल्या, कुणी परका माणूस घरात शिरावा तशा.

"अय्यो," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज एवढा म्हातारा कधी जाहला?"

नागोजीरावांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. त्यांना वाटलं यंत्रच वाईट, तिला त्रास होतोय. ते चाक मागं फिरवायला गेले. अक्कांनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या."

"गाणं लावू?" त्यांनी पुसलं.

"गाणं नको. तुम्ही बोला."

आणि सांगते काय, वायरींवर आणि आवाजावर तासन्‌तास बोलणारा तो माणूस, त्याला एक शब्द सुचेना. तोंड उघडायचा आणि मिटायचा. शेवटी घसा साफ करून म्हणाला, "सरि. आज भाजी काय आणू?"

अक्का त्यावर ढसाढसा रडल्या. मी दार ओढून घेतलं आणि आवाज न करता जिना उतरले.